मामांनी ढवळलेला भात

जगात विश्वास नावाची एक चीज असते, ही बातमी आमच्या मामांपर्यंत अजून पोचलेली नाही. आणि कोणी पोचवली असती, तरी त्यांनी आधी पोचवणाऱ्याच्या हातांचा वास घेतला असता. मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. तिचे वडील ती लहान असतानाच गेले. तेव्हापासून मामा-मामींनी तिला वाढवलं, शिकवलं आणि शेवटी कन्यादान करून माझ्या हवाली केलं. कन्यादानाचं पाणी सोडताना त्यांचा चेहरा कोणासाठी तरी जामीन राहिलेल्या माणसासारखा होता, हे लग्नाच्या फोटोतही दिसतं. मी फोटो नीट जपून ठेवला आहे. मी काहीच फेकत नाही, आणि विसरत तर त्याहूनही नाही.

मामा भोपाळच्या मोठ्या सरकारी कारखान्यात तपासनीस होते. बाकीचे लोक वस्तू बनवायचे आणि मामा त्या नापास करायचे. निवृत्त झाल्यावर माणूस थोडा सैल पडतो म्हणतात, पण मामांना कारखाना सुटल्यावर तपासायला अख्खं शहर मोकळं मिळालं. अवधपुरीत घर बांधलं तेव्हा प्रत्येक खेपेतल्या विटा एकमेकींवर आपटून ते कान लावून ऐकायचे. ठेकेदार बिचारा शेवटी छत टाकायच्या आधीच पळून गेला, तेव्हा मामांना दुःख झालं नाही. "मला पहिल्या दिवसापासून संशय होता," एवढंच म्हणाले आणि दुसरा ठेकेदार संशयासाठी घेऊन आले. घरात दोन पंचांगं असतात. एकातली तिथी दुसऱ्यात पाहून घेतल्याशिवाय ते एकादशी धरत नाहीत. बस कंडक्टरने दिलेलं तिकीट उजेडाकडे धरून पाहणारा माणूस मी त्यांच्याशिवाय दुसरा पाहिलेला नाही.

पण या सगळ्या संशयांचं माहेर म्हणजे कांदा आणि लसूण. मामा ते दोन्ही खात नाहीत. खात नाहीत इथपर्यंत ठीक आहे, न खाणारी माणसं या शहरात पुष्कळ आहेत आणि ती सुखाने जेवतात. मामांचं म्हणणं असं, की अख्खी दुनिया त्यांना फसवून कांदा चारायला टपलेली आहे. लग्नाकार्यात गेले की आधी मांडवामागे आचाऱ्याकडे जायचं आणि "काय महाराज, ओळखलंत का?" म्हणून दोन्ही हातांनी त्याचा हात प्रेमाने दाबायचा. आचारी खूश. मग मामा बाजूला येऊन मिशीवरून हात फिरवल्यासारखं करून स्वतःच्या तळव्याचा वास घ्यायचे. त्या हातमिळवणीवर त्यांनी जेवण घ्यायचं की आहेर देऊन निघायचं हे ठरायचं. कोटरा सुल्तानाबादच्या गवळ्याला त्यांनी एकदा विचारलं, "भैया, भैंस ने आज क्या खाया है?" गवळी म्हणाला, "घास." मामा म्हणाले, "कहाँ की घास? बाजू में प्याज का खेत तो नहीं?" गवळ्याने हात जोडले. त्या दिवसापासून मामांच्या गल्लीत शिरताना तो सायकलची घंटी वाजवत नाही. एकदा डॉक्टरांनी हृदयासाठी लसणाच्या गोळ्या लिहून दिल्या, तर मामांनी डॉक्टर बदलला. "माणूस चांगला होता," ते म्हणाले, "पण आतून मिळालेला होता." कोणाला मिळालेला, ते अजून कळलं नाही.

आता माझ्याबद्दल. माझे आजोबा नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले, वडील कारकून झाले, आणि मीही कारकून व्हावं अशी सगळ्यांची इच्छा होती. परीक्षेची नव्हती. मग मी सायकलला दोन पोती बांधून दारोदार तांदूळ विकले, आणि आज जवाहर चौकात माझं स्वतःचं धान्याचं दुकान आहे. यात मला कोणी हात दिलेला नाही. तांदूळ तळहातावर चोळून मी तो कोणत्या साली कापला हे सांगतो, आणि भाव करताना समोरच्याच्या गळ्याची घाटी बघून कुठे थांबायचं हे ठरवतो. राग मला लवकर येतो, हे मी मान्य करतो. तो उगाच येतो, हे मात्र मान्य करत नाही.

आमचं लग्न ठरायच्या वेळी मामा माझ्या दुकानात आले. नमस्कार नाही, चहा नाही. खिशातून रुमाल काढला, रुमालातून कारखान्यातलं एक तपासलेलं, चकचकीत वजन काढलं आणि गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात माझ्या काट्यावर ठेवलं. काटा बरोबर होता. माझा काटा कायम बरोबर असतो. मामांनी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं, वजन पुन्हा रुमालात बांधलं आणि म्हणाले, "आज बरोबर आहे." तो 'आज' मला अजून सलतो. दुकानातली एक बाई मागची पिशवी पुन्हा मोजून द्या म्हणाली, ती त्या 'आज'मुळेच.

आणि तरी तोही मी गिळला असता. जे गिळलं नाही ते पुढचं. लग्नानंतरच्या पहिल्या सणाला मी मामा-मामींना जेवायला बोलावलं. बायकोने चार दिवस आधीपासून घर धुतलं, कांद्याची टोपली शेजाऱ्यांकडे ठेवून आली. पहिल्या घासालाच मामांनी आमटीतून एक बारीक तपकिरी काप बाहेर काढला, ताटाच्या कडेला ठेवला, त्याच्याकडे पाहिलं, पाणी प्यायले आणि उठले. "लसूण," म्हणाले. तो खोबऱ्याचा काप होता. तुपात तळलेला, खोबऱ्याचा. मी स्वतः तो उचलून चावून दाखवला. मामी बिचाऱ्या म्हणाल्या, "अहो, खोबरंच आहे ते," आणि पूर्ण जेवल्या. मामा म्हणाले, "तू सरळ आहेस, तुला काय कळणार." त्या दिवसापासून मामांनी माझ्या घरात अन्नाचा कण तोंडात घातला नाही. मुलीच्या बारशाला आले, उपास आहे म्हणाले. वास्तुशांतीला आले, पोट बरं नाही म्हणाले. पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं. मामी गेल्या, त्यानंतर ते अवधपुरीत एकटेच राहायला लागले, हाताने दोन पोळ्या भाजून खायचे. पण आमच्याकडे जेवायला नाही ते नाहीच. बायको दर सणाला एक ताट वाढून बाजूला ठेवायची आणि मग ते आम्हीच संपवायचो. ती कधी काही बोलली नाही. ज्या माणसाने भरवून वाढवलं, त्याला आपल्या घरात एक घास घालता येऊ नये, हे तिने मला बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं. मी भांडलो तरी असतो.

या कोंडीतून वाट काढली आमच्या मुलीने, रेणूने. ती हॉटेलचं शिकून आता शहरातल्याच एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. मामांची पंचाहत्तरी आली तेव्हा तिने त्यांना परस्पर फोन लावला.

"आजोबा, तुमचा वाढदिवस आमच्याकडे. मी रिझोतो करणार आहे."

"ते काय असतं?"

"इटलीचा आसट भात. भाज्या घालून."

"कांदा?"

"नाही."

"लसूण?"

"नाही. आणि मसालाही नाही. मिरं, मीठ, लोणी, चीज, संपलं."

मामा म्हणाले, "मसाला नाही म्हणजे लपवायला जागा कमी. येतो. पण करताना मी उभा राहीन." मला ताबडतोब संशय आला. इतक्या वर्षांत जो माणूस खोबऱ्याला शरण आला नाही, तो इटलीला इतक्या सहज कसा येतो? हा मला माझ्याच स्वयंपाकघरात रंगेहात पकडायला येतोय, दुसरं काही नाही. मी बायकोला सांगून टाकलं, "या खेपेला मामा उपाशी उठले, तर मी पुन्हा अवधपुरीचा रस्ता धरणार नाही. तू जा, मुलगी जाऊ दे, मी नाही." ती भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "बरं," म्हणाली. त्या 'बरं'ने मला अर्धी रात्र झोप लागू दिली नाही.

दुसऱ्या दिवशी रेणू दुकानात आली आणि मी लावलेल्या प्रत्येक पोत्यात हात घालून म्हणाली, "बाबा, यातला एकही चालणार नाही." चिन्नोर नाही, आंबेमोहोर नाही, काली मूंछ तर नाहीच. तांदळाच्या व्यापाऱ्याची मुलगी तांदूळ आणायला दुसऱ्याच्या दुकानात जाते, हे ऐकून मी तिच्याबरोबर गेलो, भांडायलाच. दहा नंबर मार्केटच्या त्या चकचकीत दुकानात तांदळाचं एवढंसं पाकीट काचेमागे ठेवलं होतं, सराफाकडे ठेवतात तसं. मी पोऱ्याला म्हटलं, "ठीक-ठीक लगा." तो म्हणाला, "अंकल, एमआरपी है." मी म्हटलं, "बेटा, एमआरपी तो मैं भी लगाता हूँ. उसके नीचे क्या है, वो बता." त्याच्या गळ्याची घाटी हललीच नाही. त्याला वरून तसं शिकवलेलं असावं. शेवटी मी पिशवी फुकट घेतली आणि बाहेर आल्यावर पाकीट उजेडात धरून पाहिलं. जाड, बुटका, पोटात पांढरा दाणा. आमच्याकडे असा दाणा कोणी कोंबड्यांना घातला असता.

रविवारी दुपारी मामा आले. बरोबर स्वतःचं ताट, स्वतःचं फुलपात्र, पाण्याची बाटली आणि बारीक अक्षर वाचायचं भिंग. रेणूला म्हणाले, "कारखान्यात कामाचे टप्पे असतात. एक टप्पा झाला की काम थांबवायचं. तपासनिसाने पाहिलं, हो म्हटलं, की पुढे."

"आजोबा, हे मधे थांबवता येत नाही," ती म्हणाली.

"सगळेच असं म्हणतात," मामा म्हणाले.

त्यांनी पाटा पाहिला, विळी पाहिली, सुरीचं पातं नाकाशी नेलं. रेणूने भाज्यांचं पाणी उकळत ठेवलं होतं: गाजर, कोबीचा दांडा, मटाराची टरफलं, तमालपत्र, मिरं. झाकण उचलून मामांनी त्या वाफेत तोंड घातलं आणि एवढा वेळ ठेवलं की बायको घाबरली. बाहेर आले तेव्हा चष्म्यावर धुकं होतं. "पास," म्हणाले. मग तांदळाची पाळी आली. रेणूने पाकीट उघडायला घेतलं आणि माझी बायको परातीत पाणी घेऊन पुढे झाली.

"धुवायचे नाहीत, आई."

"म्हणजे?"

"न धुताच घालायचे. धुतले की त्यातला चिकटपणा जातो, मग नुसता भात होतो."

न धुतलेला तांदूळ आमच्या घरात आजवर चुलीवर चढलेला नाही. बायको परात घेऊन तशीच उभी राहिली. मामा माझ्याकडे वळले. "जावईबापू, हे तुमच्या गोदामातले?"

"का?"

"गोदामात शेजारी काय काय असतं, म्हणून विचारलं."

"माझ्या गोदामात कांदा येत नाही! आजवर आलेला नाही!"

"आज नाही म्हणताय ना, मग ठीक."

मी काय बोललो असतो ते माझं मलाच माहीत नाही. पण रेणूने पाकीट त्यांच्या हातात दिलं. "आजोबा, परदेशातून बंद होऊन आलंय. तुम्हीच फोडा." मामांनी भिंगाने चारही कडा पाहिल्या, पाकीट दाबून हवा निघते का ते कानाशी धरून ऐकलं आणि स्वतःच्या हाताने फोडलं. माझ्या चुलीवर माझा तांदूळ नापास झाला आणि इटलीचा पास. मी तेही गिळलं. बायकोकडे बघून गिळलं.

मग मामा चीजच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायला बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी गेले. आत रेणूने पातेल्यात लोणी घातलं, ते वितळल्यावर चिमूटभर हिंग टाकला आणि लगेच तांदूळ ओतले. दोन मिनिटं परतले, लिंबू पिळलं, उकळत्या पाण्याचा पहिला डाव घातला. चर्र झालं. तो वास घरभर फिरला आणि खिडकीपाशी पोचला. मामांनी भिंग खाली ठेवलं. आवाज चढवला नाही. त्यांनी कधीच चढवलेला नाही.

"लसूण," म्हणाले.

माझा तोल गेला. "बस्स, मामा! खूप झालं! पोरगी सकाळपासून उभी आहे, तुम्ही पाण्यात तोंड घातलंत, सुरी हुंगलीत, आणि आता—"

"मला वास येतो, जावईबापू. मी नाकाचं ऐकतो."

"मग नाकालाच जेवायला घाला!"

मामा दाराशी गेले. एक चप्पल पायात घातली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बायको उभी होती, परात अजून हातातच. परातीतलं पाणी तेवढं हलत होतं. मी मनात म्हटलं, संपलं. अवधपुरीचा रस्ता संपला.

तेवढ्यात आतून रेणू ओरडली, "बाबा, भांडण नंतर! आजोबा, इकडे या, हा डाव धरा! हे ढवळायचं थांबलं तर खाली लागेल, अख्खं काम फुकट जाईल, आणि मला तुम्हाला हिंगाची डबी दाखवायची आहे!"

मामांनी आयुष्यात माणसं नापास केली असतील. पण चालू काम डोळ्यांसमोर वाया जाताना त्यांना कधी बघवलं नाही. एक पाय चपलेत, एक अनवाणी, असे ते स्वयंपाकघरात शिरले. माझ्या बायकोच्या स्वयंपाकघरात चप्पल! तिने पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. मामांनी डाव हातात घेतला. रेणूने फळीवरून हिंगाची डबी काढली, छोट्या कढईत वेगळं लोणी वितळवलं, त्यांच्यासमोर चिमूट टाकली आणि कढई त्यांच्या नाकाखाली धरली.

मामा ढवळता ढवळता वाकले. परत वाकले.

"हिंगच आहे," म्हणाले.

"मग?"

"तेलात, मोहरीबरोबर, जन्मभर घेतलाय. लोण्यात एकट्याने कधी भेटला नव्हता." एवढंच. चुकलो नाही, माफ करा नाही. मी वाट बघत उभा होतो, पण त्यांचं लक्ष पातेल्यात गेलं होतं. "हे पाणी आटलं की पुढचा डाव?"

"हो. थोडं-थोडं. आणि ढवळत राहायचं."

"किती वेळ?"

"दाणा सांगेल."

दाणा सांगेल म्हटल्यावर मामांचा चेहराच बदलला. इतकी वर्षं दुसऱ्यांनी केलेलं पाहिलेला माणूस पहिल्यांदा स्वतः चार जणांसाठी काहीतरी करत होता, आणि ते काम असं होतं, की हात चालू ठेवून तपासावं लागत होतं. एक डाव पाणी, ढवळायचं. आटलं, पुन्हा एक डाव. मी म्हटलं, "द्या मामा, थकाल." ते म्हणाले, "तुमचा हात जड आहे, दाणा मोडेल." तांदळाच्या व्यापाऱ्याला! पण त्यांच्या मनगटाकडे पाहिलं तर ते खरोखर हलकं होतं. चष्मा धुकटला तर पुसायला त्यांनी हात सोडला नाही, नुसत्या अंदाजाने ढवळत राहिले. गाजर, मटार, फरसबी पडली. चीज पडलं. त्यांनी एक दाणा दाताखाली घेतला. "मधे अजून कच्चा आहे."

"तेवढाच ठेवायचा असतो."

"कच्चा ठेवायचा असतो?" मामांनी तिच्याकडे पाहिलं. "कारखान्यात मी असताना हे पास झालं नसतं." आणि आपल्याच हाताने गॅस बंद केला. मग खाली बघून, कोणाला दिसणार नाही असं पायातली ती एक चप्पल काढून काखेत घेतली आणि दाराशी ठेवून आले.

पाट मांडले. मामांनी स्वतःच्या ताटात तो आसट भात घेतला, पाणी फिरवलं, इटलीच्या त्या भाताच्या बोटभर चित्राहुती घातल्या, हात जोडले. माझी बायको वाढायचं सोडून समोर बसली होती. रेणूने माझा हात धरून ठेवला होता. मामांनी पहिला घास घेतला. चावला. दुसरा घेतला. मग डोकं किंचित कलतं करून ते म्हणाले,

"पोरी, याला कांदा हवा होता."

रेणूने विचारलं, "आजोबा, तुम्हाला काय माहीत?"

मामा तिसरा घास खात होते. सावकाश गिळून म्हणाले, "कांदा-लसूण मी कुठे सोडलं होतं? तुझ्या मामीआजीने सोडलं होतं. नर्मदेकाठी काही नवस बोलून आली होती, कशासाठी ते मला सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. तिने सोडलं म्हणून घरात बंद. मी कारखान्याच्या कँटीनमध्ये खायचो. कांद्याची भजी, कच्चा कांदा, लसणाची चटणी. सगळं. रोज. घरी येताना पेरू खायचो, वेलची चावायचो, हात मातीने घासायचो."

"आणि मामींना कधी कळलंच नाही?" माझ्या बायकोने विचारलं.

"मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. घरी आलो की ती पाण्याच्या तांब्याबरोबर बडीशेप पुढे ठेवायची. रोज. मला वाटायचं, घरची पद्धत असेल." मामा थांबले. "सुटीच्या दिवशी ठेवायची नाही."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. मला इतक्या वर्षांनी कळलं, की हा माणूस आचाऱ्याच्या हाताचा वास का घेत होता. लपवलेला कांदा कसा असतो, हे त्यांच्याइतकं या शहरात कोणाला माहीत असणार! मला खरं तर हसू यायला हवं होतं, आणि माझ्या खोबऱ्याचा हिशेब तिथेच पुढे ठेवायला हवा होता. संधी सोन्यासारखी होती, आणि मी संधी सोडणारा माणूस नाही. पण रेणूने विचारलं, "मग आता तरी खायचा ना आजोबा, आता कोण अडवतंय?"

मामा म्हणाले, "तेच तर. पकडणारी गेली. आता खाऊन काय गंमत?" आणि ताट पुढे करून बायकोला म्हणाले, "घाल अजून. पातेल्याच्या तळचा घाल, तो मी ढवळलाय." बायकोने वाढलं. तिने घाईघाईत इतका घातला की निम्मा भात पाटावर पडला, आणि मामांनी तोही उचलून खाल्ला.

तेव्हापासून दर रविवारी मामा आमच्याकडे जेवतात. सुधारले असतील असं कोणाला वाटत असेल, तर तसं काही नाही. ताट आपलंच आणतात, झाकणं उचलतात, आमटीत डाव फिरवून तळ बघतात, आणि मला विचारतात, "जावईबापू, हे मीठ कुठलं?" आमची दर रविवारी एकदा तरी जुंपते. बायको म्हणते, तुम्ही दोघं भांडायचे थांबलात तर मला स्वयंपाक नीट झाला की नाही ते कळणार नाही.

या हिवाळ्यात मामांना मोठी सर्दी झाली. बरी झाल्यावर पहिल्या रविवारी ते आले, हात धुतले आणि सरळ पाटावर येऊन बसले. झाकण उचललं नाही. आमटी ढवळली नाही. मी थोडा वेळ वाट पाहिली. मग म्हटलं, "मामा, आज तपासणी नाही?"

"नाक गेलं, जावईबापू," ते म्हणाले. "सर्दीबरोबर वास गेला, तो आलाच नाही. डॉक्टर म्हणतो, या वयात येणारही नाही." आणि ताटाकडे बोट करून साधेपणाने म्हणाले, "आता तुम्हीच सांगा, आहे का काही त्यात? तुम्ही सांगाल ते खरं."

एवढी वर्षं मी याच एका वाक्याची वाट बघत होतो. ते मिळालं, तेव्हा मला ते नकोसं झालं. मी उठलो, आत गेलो, आणि बायकोला विचारलं, "आमटीत काय घातलंस? खरं सांग." ती म्हणाली, "तुम्हीपण?" एकेक झाकण उचललं, वाकलो, वास घेतला. पोळीचा डबा उघडून पाहिला. सुरी नाकाशी नेली. मग बाहेर आलो. मामा तसेच बसले होते, हात मांडीवर, घास न मोडलेला.

"काही नाही मामा," मी म्हटलं. "जेवा."

त्यांनी मान हलवली आणि जेवायला सुरुवात केली. पुन्हा विचारलं नाही. मी आयुष्यभर बाजारात बोलून पोट भरलं, पण माझ्या शब्दावर इतक्या पटकन, काहीही घासाघीस न करता, कोणी हात पुढे केला नव्हता.